कासारखेड्याच्या गाडीची बखर

॥ श्री सभादेवी सत्यवदनी प्रसन्न ॥

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माहे ज्येष्ठ. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. राज्य मोठे नामांकित. नद्या होत्या आणि त्यांस कधीमधी पाणीही होते. राजा नव्हता. रयतेने पाच वर्षांनी एकदा बोटास शाई लावून आपली माणसे निवडावी आणि राजधानीस सभेत बसवावी, आणि त्या माणसांनी प्रधानमंडळींस उभे करून पुसावे की, अमुक गावी दवाखाना आहे आणि वैद्य नाही, हे खरे आहे काय? मग प्रधानांनी उठून उत्तर करावे. उत्तरेही पूर्वजांनी घालून दिली होती. एक 'हे खरे आहे', ते सणासुदीच्या भांड्यासारखे माळ्यावर ठेविलेले, क्वचित खाली काढीत. दुसरे 'हे खरे नाही', ते रोजच्या वापराचे, आणि ते म्हटले की 'सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही' ऐसे बोलून खाली बसावयास मोकळे. आणिक एक दंडक फार कडक होता. ज्या प्रधानाचे उत्तर पुढे खोटे पडेल, त्याने भरसभेत पगडी उतरून खरे उत्तर तीन वेळा मोठ्याने वाचावे. चाळीस वर्षांत हा प्रसंग कोणावर गुदरला नव्हता. प्रधान सारे हरिश्चंद्राचे वंशज होते ऐसे नव्हे; उत्तर दिल्यावर गावी जाऊन पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, इतकेच.

त्या सभेत पहिल्यानेच निवडून आलेली ठकूबाई वाघचौरे म्हणोन एक बाई होती. वय साठीचे, पेशा सुईणपणाचा. निम्मा परगणा तिच्या हातून जगात आला, आणि मत देतेवेळी परगण्याने ती ओळख ठेविली. तोंडाची फटकळ, मनाची लोणी. अधिवेशनास निघावयाचे दोन दिवस आधी कासारखेडे गावची हिराबाई तिच्या दारी आली आणि उंबऱ्यावरच बसली आणि पदर डोळ्यांस लावून बोलिली, "आक्का, मंदीचं नाव शाळंतून काढत्यात तिचं वडील. गाडी गावात येत न्हाई. फाट्यापातुर दोन कोस चालायचं, आन मधी बाभळबनात टवाळ पोरं बसत्यात. एकटी मंदीच न्हाई, आकरा पोरी हायेत. पुढल्या सोमवारी शाळा उघडतीया. तवर गाडी आली तर ठीक." ठकूबाई म्हणाली, "आन न्हाई आली तर?" हिराबाई म्हणाली, "पाव्हणं बघून गेल्यात." हे ऐकोन ठकूबाईचे पित्त खवळले. "अगं, पायाळू व्हती तुझी मंदी. दीड दिस झगडले मी तिच्यासाठी. ती काय धाव्वीत जायच्या वक्ताला चुलीपुढं बसवायला? जा घरी. सोमवारच्या आत गाडी आणते." बोलून तर बसली, गाडी कोठून आणावी हे तिलाही ठाऊक नव्हते.

गाडीचे वर्तमान ऐसे होते की, कागदी ती रोज धावत असे. आगाराच्या वहीत 'कासारखेडे पोहोच' ऐसी नित्य नोंद होई. वास्तविक फाट्यावर एक भजी-चहाचे दुकान होते, आणि तेथील मिरचीची भजी पंचक्रोशीत अव्वल. चालकाने तेथवर यावे, भजी खावी, गाडी वळवावी आणि वहीत गाव पोहोचते करावे. वाहकानेही खावी आणि सही करावी. पोटात भजी असता माणसाच्या हातून खोटी सही फार सुबक उठते.

ठकूबाई राजधानीस पोहोचली आणि लेखी प्रश्न घातला: कासारखेडे येथे गाडी येत नाही, हे खरे आहे काय? वाहनखात्याचे प्रधान रंगोजीराव टेमघरे उभे राहिले. रूप भव्य, मिशा झुपकेदार, वाणी मधाळ. मनाने वाईट नव्हते, परंतु आपले खाते त्यांनी कागदावरूनच पाहिले होते. ते म्हणाले, "हे खरे नाही. गाडी नियमित सुरू आहे. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही." आणि बसले. ठकूबाई ताडकन उठली. "उद्भवत न्हाई? सायेब, आकरा पोरी उद्भवल्यात, आन त्या माझ्या ह्या हातांवर उद्भवल्यात!" सभा खो-खो हसली, सभापतींनी घंटा वाजविली, वाक्य कामकाजातून वगळिले, आणि ठकूबाई मटकन खाली बसली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन खांबाआड उभी राहिली आणि खरेच रडली. इतक्या बाळंतपणांत ती कधी रडली नव्हती.

रडून झाले, तोंड धुतले, आणि हे उत्तर लिहिले कोणी याचा तपास करीत ती वाहनखात्याच्या कचेरीत गेली. तेथे त्रिंबकपंत चिटणीस डबा खात बसले होते. पंत जुने मानकरी, अक्षर मोत्याचे दाणे. ठकूबाई पुढ्यात बसली आणि म्हणाली, "तुमीच का ते उत्तर लिवणारं?" पंत अभिमानाने म्हणाले, "आम्हीच. गतवर्षीचे काढले आणि साल बदलले." "आन गेल्या साली?" "त्याच्या गतवर्षीचे काढले होते." "आन त्याच्या आदी?" "त्यापूर्वी या खुर्चीवर आमचे तीर्थरूप होते." ठकूबाईने कपाळास हात लाविला. "गाव कुणी बघितलं का न्हाई?" "बाई, गाव पाहावयास रजा टाकावी लागते." आणि पंतांनी तिला लोणच्याची फोड देऊ केली, कारण माणूस अगत्याचा. फोड चोखीत ठकूबाई म्हणाली, "मग उद्या परत इचारते." पंत म्हणाले, "ते होणे नाही. एकदा 'खरे नाही' म्हटलेला प्रश्न त्या अधिवेशनात पुन्हा घेता येत नाही." "आन एकदा 'खरं हाय' म्हणलेलं?" पंतांचा घास हातातच राहिला. "ते मात्र सरकारच्या गळ्यात पडते. परंतु तैसे आम्ही सहसा लिहीत नाही." ठकूबाईने फोडीची साल बाजूस ठेविली, पंतांस लांबून नमस्कार केला आणि तडक प्रश्नशाखेत जाऊन दुसरा प्रश्न घातला.

गुरुवारी तो पुकारला गेला. प्रश्न ऐसा: कासारखेड्याची गाडी गावच्या पारापर्यंत फार उत्तम चालते, हे खरे आहे काय? सभा चकित झाली. हयातीत कोणी प्रधानांस ऐसा गोड प्रश्न विचारला नव्हता. रंगोजीराव तर विरघळले. पंतांनी लिहून दिलेला कागद बाजूस सारून ते मिशीवर हात फिरवीत म्हणाले, "हे अगदी खरे आहे!" मग रिवाजाप्रमाणे तीन उपप्रश्न. ठकूबाई म्हणाली, "सकाळी साडेसहाला गाडी पाराशी उभी ऱ्हाती, आन सांच्याला पाचाला पोरींस्नी माघारी आणती, हे खरं हाय का?" "खरे आहे!" "पोरींस्नी बसाया जागा मिळती का?" "पहिल्या जागा त्यांच्याच!" "खिडक्यांस्नी काचा हायेत का? आन कंडक्टर खेकसत तर न्हाई?" रंगोजीराव आता भरतीस आले होते. "काचा लखलखीत, आणि वाहक ऐसा मिठ्ठास की उतारूस उतरावेसे वाटू नये!" लोकांनी बाके वाजविली. मग ठकूबाई हात जोडून सभापतींस म्हणाली, "म्हाराज, असलं सोन्यासारखं काम एकदा तुमच्या डोळ्यांनी बघावं. येत्या सोमवारी चला की कासारखेड्याला. पिठलं-भाकरी माझ्याकडं." सभापती वयोवृद्ध, वैद्यांनी त्यांस मोकळी हवा सांगितलेली, आणि पिठल्याचे नाव ऐकून तोंडास पाणी सुटलेले. ते म्हणाले, "येतो!" आणि तसे कामकाजात लिहून घेवविले.

इकडे पंतांनी आगारात फोन फिरवून खरे वर्तमान काढिले आणि रंगोजीरावांस चिठ्ठी पाठविली: गाडी फाट्यापुढे जात नाही. भज्यांपुढे जात नाही. रंगोजीरावांनी चिठ्ठी वाचली आणि मिशा आपोआप खाली आल्या. दालनात जाऊन ते पंतांस म्हणाले, "उत्तर बदला." पंत म्हणाले, "सरकार, उत्तर बदलावे तर पगडी उतरणे आले. त्यापेक्षा गाडी बदलणे सोपे." मग जे वादळ उठले त्याचे वर्णन काय करावे! आगारात सरदार धावले, शिलेदार धावले. सर्वांत बरी गाडी निवडिली आणि धुतली, आणि तिचा खरा रंग पाहून आगारातील जुनी माणसे गहिवरली. काचा बसविल्या. रस्त्यावरचे खड्डे मुरुमाने भरले. बाभळबनाच्या तोंडाशी पोलीसचौकी मांडली. चौकीची खबर लागताच टवाळ पोरे आपापल्या घरी जाऊन आईस पाणी भरू लागली. वाहक दाजीबा याने आजन्म 'पुढे सरका' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता. त्यास तीन दिवस आरशापुढे बसवून 'या ताई, बसा ताई' घोकविले. त्याची बायको माहेरी निरोप धाडती झाली की, ह्यांस बाधा झाली आहे.

सोमवार उजाडला. कासारखेड्याच्या पाराशी अकरा पोरी नवी दप्तरे घेऊन उभ्या. आदले दिवशी गावास आलेले सभापती पिठल्याच्या तृप्तीत उभे, ठकूबाई उभी, हिराबाई मंदीचा हात घट्ट धरून उभी, आणि मंदीचे वडील जरा लांब, हाताची घडी घालून. साडेसहास दोन मिनिटे कमी असता धूळ उडाली आणि गाडी आली. गाव ओरडले. परंतु दार उघडले आणि पाहतात तो गाडी खच्चून भरलेली! स्वारीत काही उणे पडू नये म्हणून रंगोजीराव जातीने आले होते, आणि ते आले म्हणून वरिष्ठ अधिकारी आले, आणि वरिष्ठ आले म्हणून कनिष्ठ आले, आणि मोजमापवाले, देखरेखवाले, छायाचित्रवाले, आणि पंत. तिळास जागा नाही. दाजीबा दारात उभा राहून घाम पुशीत म्हणाला, "या ताई, बसा ताई," आणि बसावे कोठे हे त्यासही दिसेना. मंदीच्या वडिलांनी घडी सोडली आणि म्हणाले, "चल गं मंदे, घरी. झाली तुजी शाळा." इतका खटाटोप, आणि गाडी आली ती पोरींसाठी नव्हतीच! ठकूबाई पुढे झाली, पायरीवर चढली, आणि आवाज न चढविता म्हणाली, "सायेब, पयल्या जागा पोरींच्या म्हणाला व्हता. खरं हाय का न्हाई, एवढंच सांगा." सभापतींनी रंगोजीरावांकडे पाहिले. रंगोजीरावांनी लांब उभ्या मंदीकडे पाहिले. मग ते उठले, खाली उतरले, आणि ते उतरले म्हणून वरिष्ठ उतरले, आणि कनिष्ठ उतरले, आणि सारे खाते पारासमोर मातीत उभे राहिले. पोरी चढल्या. मंदीने बापाकडे पाहिले. बापाने मातीत उभ्या खात्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "खिडकीपाशी बस." सभापती तिच्या शेजारी बसले, आणि गाडी गेली. हिराबाई ठकूबाईच्या गळ्यात पडली आणि दोघी मनसोक्त रडल्या. ते रडणे आनंदाचे होते, ऐसे स्पष्ट लिहून ठेवितो.

मग रंगोजीराव घड्याळ पाहून म्हणाले, "आता आपणास दुसरी गाडी कोणती?" पंत म्हणाले, "संध्याकाळी पाचाची, सरकार. आपणच सांगितली." तेव्हा सारे खाते पायी निघाले. ऊन चढले. कोणाचे बूट चावले, कोणी उपरण्याने वारा घेतला, आणि बाभळबनाची दाट सावली आली तरी तेथे बसावे ऐसे कोणास वाटले नाही. दोन कोस चालून फाट्यावर पोहोचले, तो भजी तळून तयार. पण रंगोजीरावांनी भजी घेतली नाहीत. दगडावर बसून त्यांनी पाय चोळले आणि पंतांस पुसले, "पंत, पोरी हे इतके रोज चालत होत्या?"

पंत म्हणाले, "होय सरकार. जाताना आणि येताना."

येणेप्रमाणे कासारखेड्याची गाडी सुरू जाहली ती अद्यापि चालते आहे. ठकूबाई सभेत प्रधानांचे कौतुक करावयास उठली की प्रधानमंडळी पाणी मागतात. त्रिंबकपंत अद्यापि उत्तरे लिहितात, अक्षर तेच मोत्याचे दाणे. मात्र लिहावयास बसण्यापूर्वी पायांत वहाणा घालतात आणि गाव पाहून येतात. जैसे ऐकिले तैसे लिहिले; वाचणारांस उदंड आयुष्य आणि वेळेवर गाडी मिळो.