‘जस्ट’चे उरलेले उपयोग

दामलेसरांनी दोन वर्षांत इंग्रजीचा एकच शब्द शिकवला, ‘जस्ट’. तोही पुरा झाला नव्हता.

बँकेच्या बदल्यांमुळे कलकत्त्यात येणाऱ्या मराठी बायकांसाठी आमच्या मंडळाने रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग काढला होता. मी मंडळाची चिटणीस. खोलीची किल्ली, हजेरी आणि तक्रारी माझ्याकडे. शिकवायला निवृत्त दामलेसर. महिन्याला एक उपयोग, उरलेले रविवार सराव, ही त्यांची पद्धत.

“‘आय हॅव जस्ट कम’ म्हणजे आत्ताच आले. ‘इट इज जस्ट नॉट डन’ म्हणजे वहिनी, तुम्ही चिडला आहात. पण हा प्रगत उपयोग. घाई नको.”

“सर, पण भाजीवाल्याशी काय बोलायचं?” एका नव्या वहिनींनी विचारलं.

“त्याच्याशी बंगालीत. उपयोग एकोणीस लिहून घ्या.”

वर्ग बुडवला की चुकलेला उपयोग पोस्टकार्डावर घरी येई. नवऱ्याची बदली होऊन बाई इंदूरला गेली, तर पुढचे उपयोग इंदूरला जात. पण एका वेळी एकच.

तक्रारी अकरा झाल्या, तेव्हा कमिटीने ठराव केला: वर्ग बंद, त्या वेळेत शिवणवर्ग. सांगायचं काम अर्थात माझ्याकडे. सोमवारी सकाळी ट्रॅमने भवानीपूरला सरांच्या घरी गेले.

सर एकटेच राहत. एक खुर्ची त्यांची, दुसरीवर पोस्टकार्डांचा गठ्ठा. तो उचलून बसताना वरचं कार्ड दिसलं. ‘सर, बावीस मिळाला. बाळाला दात आले. इथे उकाडा फार. तेवीस कधी?’ खालचं मद्रासहून, त्याखालचं नागपूरहून. सगळ्यांत एक ओळ ‘जस्ट’ची, बाकी घरचं.

“किती उपयोग राहिलेत, सर?”

“चार.”

“मग एकदम पाठवून टाका की. सुटतील बिचाऱ्या.”

सर चहा गाळत होते. “पाठवीन. पण मग त्या लिहितील कशाला?”

ठराव माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. शिवणवर्ग शनिवारी दुपारीही भरू शकतो, हे कमिटीच्या लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आणून देणं माझं काम होतं.

चहा संपवून मी विचारलं, “सर, ‘इव्हन’चे उपयोग किती असतात हो?”

सरांनी एक कोरं पोस्टकार्ड पुढे ओढलं.

“बसा,” ते म्हणाले. “वेळ लागेल.”