शाळेच्या समायोजनास शाल-श्रीफळ दिल्याची हकीकत

॥ श्री ॥ टेकडीवरील लोखंडी मनोऱ्यात जिचा वास, जिच्या कांड्या कधी चार कधी एक, आणि जी रुसली असता अवघा मुलूख मुका होतो, त्या रेंजदेवतेस प्रथम नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास. एका मुलुखी एक गाव, गावाबाहेर माळावर दोन खोल्यांची शाळा, तिजला रयत आमचा गड म्हणे. तो गड कसा गेला ते लिहितो. लिहिताना राग आवरत नाही, सबब अक्षर वाकडे पडल्यास सांभाळून घेणे. मजकूर वाकडा नाही.

गडाची पूर्वपीठिका ऐसी जे, वाडवडील निरक्षर, सावकाराने कागद पुढे करावा आणि यांनी शाईत अंगठा बुडवोन उठवावा, मग कळावे की बांध गेला, विहीर गेली. तेव्हा सर्वांनी मारुतीपुढे शपथ वाहिली की आमचे पोर कोठे अंगठा देणार नाही, आणि डोईवर दगड वाहून शाळा उभी केली. मग त्या गडावर केरबा गुरुजी बहुत वर्षे राज्य करिते जाहले. त्यांची रीत ऐसी की शनिवारची सकाळची शाळा सुटली म्हणजे घरोघर उंबऱ्याशी उभे राहावे आणि शाळेचे वर्तमान तोंडी सांगावे. "तुझं कार्टं नवाच्या पाढ्यात सातावर अडकतंय, आणि खिचडीतला वाटाणा खिशात भरतंय," ऐसे बोलावे, आणि आईने पोरास बदडावे, आणि बापाने हुज्जत घालावी की, "मास्तर, पाढा तुमाला तरी येतोय का?" मग चहा व्हावा आणि तंटा मिटावा. भांडण होई, परंतु कळे. दोहीकडून कळे.

गुरुजी पेन्शनीत गेले आणि हेमलताबाई म्हणोन नव्या शिक्षिका गडावर आल्या, आणि वरून फर्मान सुटले की यापुढे पालकांस सर्व वर्तमान फोनातील गटावरच कळविणे आणि कळविल्याचा फोटो वर धाडणे. बाई भल्या, परंतु शिकवावे कधी? पोरे हात धुताना फोटो, खिचडी खाताना फोटो, झाड लाविताना फोटो, आणि पुढील साली त्याच खड्ड्यात दुसरे झाड लाविताना फोटो. रयतेने फोटोत आपले पोर हुडकावे, दोन बोटांनी मोठे करोन पाहावे, आणि खाली पिवळा अंगठा ठोकावा. अक्षर कोणी वाचीना. वाचता सर्वांस येत होते, हे ध्यानी घ्या. राग त्याचाच आहे.

मग पौष अखेरीस गटावर मजकूर उतरला, आणि त्याचा आरंभ ऐसा की, "सर्व पालकांना कळविण्यात येते की आपल्या शाळेचे समायोजन करण्याचे योजिले आहे," पुढे तारीख, आणि तळाशी बारीक ओळ की हरकत असल्यास लिहोन कळवावे, संमती असल्यास अंगठा द्यावा. ते समयी शाळा समितीचे अध्यक्ष भिकोबा गायधने पिठाच्या गिरणीत बसले होते, त्यांनी पहिली ओळ खड्या आवाजात वाचली आणि फोन खिशात घातला. तेथे शेवंताबाई डबा घेऊन उभ्या होत्या. बाई दिवस उजाडताच कांद्याच्या रानी खुरपणीस जाणाऱ्या, त्यांची लेक कुंदा पहिलीत, आणि ते पोर एकटेच दाराला कडी घालोन शाळेत जाई, कारण शाळा हाकेच्या अंतरावर. शेवंताबाई पुसत्या जाहल्या, "भावजी, समायोजन म्हंजी काय वं?"

भिकोबा बोलिले, "आगं, आयोजन म्हंजी कार्यक्रम. समायोजन म्हंजी त्येचा थोरला भाऊ! गॅदरिंग हाय गॅदरिंग. कुंदीला नऊवारी शिव."

"मग सरळ गॅदरिंग लिवाया काय झालतं?"

"सरकारी लिवणं हाय त्ये, वैनी. तुमी दळण दळा."

यावर गिरणीत मोठा हशा पिकला, आणि शेवंताबाईंनीही लाजोन अंगठा दिला. सांज होईतो अवघ्या गावाचे अंगठे पडले. हरकत एकाची नाही.

मग तो दिवस उगवला. रयत इस्तरीचे कपडे करोन गडावर दाखल जाहली, पोरी नऊवारीत, पोरांस कोरलेल्या मिशा, दारी रांगोळी, ढोल लागला. इतक्यात केंद्रप्रमुखांची स्वारी आली, म्हणजे आसपासच्या शाळा ज्यांच्या हुकमात ते सुभेदारच. भिकोबांनी पुढे होऊन त्यांस शाल पांघरली, श्रीफळ दिले, टाळ्या जाहल्या आणि फोटो निघाला. साहेब गहिवरोन बोलिले, "इतका समजूतदार गाव मी पाहिला नाही. बाकी ठिकाणी लोक दगड घेऊन उभे राहतात हो!" यावरही टाळ्या पडल्या. हे लिहिताना लेखणी फेकून द्यावीशी वाटते. टाळ्या पडल्या!

मग टेम्पो मागे मागे येऊन रांगोळीवर उभा राहिला, आणि दोन हमाल उतरोन बाके काढू लागले. प्रथम लोकांस वाटले की खुर्च्या आल्या. मग फळा निघाला, मग नकाशा निघाला, मग घंटा सोडविली, तेव्हा ढोलवाल्याचा हात थांबला आणि शेवंताबाई धावोन बोलल्या, "आवो, घंटा कुठं नेताय?"

साहेब बोलिले, "खिंडीपलीकडच्या शाळेत. समायोजन झालं ना तुमच्या शाळेचं."

"समायोजन म्हंजी काय?"

"म्हणजे ही शाळा बंद, बाई. तिकडच्या शाळेत मिळवली. मुलं उद्यापासून तिकडे."

"माजी पोर सहा वर्साची हाय. मदी वढा हाय. पावसाळ्यात गडी माणूस पार होत न्हाई, आन् ही एकली जायाची?"

"मग हरकत का नाही घेतलीत? सगळ्यांचे अंगठे आहेत. छापील प्रत आहे आमच्याकडे."

तेव्हा सर्व भिकोबांकडे पाहते जाहले, आणि भिकोबा फेटा सावरीत हेमलताबाईंवर गरजले, "बाई, तुमी सांगायचं तरी!"

बाईंचे डोळे सुजले होते, त्या ओरडोन बोलल्या, "सांगितलं की! गटावर टाकलं! आणि तुमचा अंगठा सगळ्यात पहिला आला, अध्यक्ष! मला वाटलं, गावालाच ही शाळा नको झालीय, मीच नको झालेय. एकानं, एकानं तरी विचारायचं होतं की बाई, समायोजन म्हणजे काय?"

शेवंताबाई टेम्पोच्या आडव्या उभ्या राहोन म्हणाल्या, "माजा अंगठा माघारी द्या."

"मुदत संपली, बाई," ऐसे साहेब शांतपणे बोलिले आणि शाल घडी करोन गाडीत बसले. पुरुषांनी शेवंताबाईंस समजावून बाजूस घेतले, त्याच पुरुषांनी ज्यांस गिरणीत हसू आवरले नव्हते, आणि टेम्पो खिंडीच्या वाटे लागला, आणि धक्क्याधक्क्यास आत घंटा आपोआप वाजत गेली. कुंदा नऊवारीत उभी राहोन पुसे, "आये, नाच कवा?"

त्याच सांजेस गटावर वरून वर्तमान उतरले की, "समायोजन सोहळा ग्रामस्थांच्या उपस्थितीत उत्साहात संपन्न," आणि सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. आणि मंडळी, ऐका. लोकांनी फोटोत आपापले पोर हुडकले, मोठे करोन पाहिले, आणि खाली अंगठे पडू लागले. भिकोबांचा पहिला.

येणेप्रमाणे गड गेला. तोफ डागली नाही, तट फुटला नाही, फितूर कोणी शोधावा तर घरोघरी निघे. सावकारास निदान शाई तरी खर्चावी लागे. अंगठ्यांखाली शेवंताबाईंनी एकेक अक्षर दाबोन लिहिले ते ऐसे, "समायोजन म्हंजी काय?" त्यासही खाली अंगठे आले.