महाराज आले, मागच्या दाराने

आमच्या इस्पितळाचं स्वयंपाकघर बंद पडलं असतं, तर अधीक्षकसाहेबांचा फायदा सरळ होता. रुग्णांच्या जेवणाचा ठेका त्यांच्या साडूला मिळाला असता. त्यामुळे घरात बायको चार दिवस गोड बोलली असती. आणि चुलींच्या जागी साहेबांची नवी, हवेशीर खोली झाली असती! तोटा काय तो मावशींचा. त्यांची उभी हयात त्या चुलींपुढे गेली होती आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

साहेबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "जेवणाबद्दल आणखी एक तक्रार आली, की टाळं!"

आता तक्रारी यायच्याच. आचारी सोडून गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि सगळ्या इस्पितळाचं रांधायला मावशी एकट्या. मी तिथला कोठीवाला. बटाटे, कांदे, साखर माझ्या ताब्यात. "आम्हाला एक महाराज द्या" असं मी साहेबांना इतक्यांदा म्हणालो होतो, की मला पाहिलं की ते चालायचा वेग वाढवायचे.

स्वतःबद्दल सांगायचं तर माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बटाटा आणि माणूस, दोन्ही मी वरून बघून आतलं सांगतो! म्हणूनच पुढचं सांगताना जरा जड जातंय.

त्या दिवशी सकाळी कोठीतला फोन वाजला. पलीकडचा आवाज फार अदबीचा होता.

"पुढच्या कचेरीचा फोन लागत नाही, म्हणून इथे करतोय. महाराज निघालेत. मागच्या दाराने येतील. गाजावाजा नको, अशी त्यांची इच्छा आहे."

मला आनंदाने काही सुचेना! "अहो, वर्षभर डोळे लावून बसलोय आम्ही! एप्रन घेऊन येताहेत, की आम्ही देऊ?"

"काय म्हणालात?"

"राहू द्या, आहे आमच्याकडे एक जुना. राहायची सोय मात्र नाही हं."

"ते..." आवाज जरा अडखळला. "ते आपल्या घरीच राहतात."

"हे उत्तम!" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळलं नाही? पण आमच्या भाषेत सिंहासनावर बसतो तोही महाराज आणि चुलीपुढे उभा राहतो तोही महाराज. आजवर दोघांची गाठ पडली नव्हती, म्हणून भागत होतं. आमच्या राज्याचे राजेसाहेब त्या दिवशी इस्पितळात येणार हे साहेबांना ठाऊक होतं. पण फोटोत आमची तोंडं येऊ नयेत म्हणून त्यांनी ती बातमी पुढच्या दारापुरतीच ठेवली होती. पुढे सतरंजी अंथरलेली मी पाहिली होती. पण साडू येणार असला तरी साहेब ती अंथरायचे.

मागचं दार वाजलं. दारात एक वयस्क गृहस्थ उभे होते. साधा कोट, थकलेला चेहरा. मागे छत्री घेतलेला एक धिप्पाड माणूस.

"मी महाराज..." त्यांनी सुरुवात केली.

"माहीत आहे हो, फोन आला होता! चपला तिथे काढा. हा मदतनीस का तुमचा?"

"हा मला एकटं सोडत नाही."

"छान! बटाटे सोलता येतात ना रे?"

धिप्पाड माणसाने गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. तो मुकाट्याने पोत्यापाशी बसला.

मी एप्रनच्या गाठी मारता मारता चौकशी केली. "आधी कुठे होतात?"

"वडिलांच्याच जागेवर."

"म्हणजे पिढीजात! मग हात चांगला असणार."

"काम बहुतेक बसूनच असतं," ते म्हणाले.

"इथे बसायला मिळणार नाही," मावशी चुलीजवळून म्हणाल्या. "या इकडे. पळी धरा."

पळी हातात घेऊन ते म्हणाले, "मी खरं तर खिडकीजवळच्या खोलीतल्या रुग्णासाठी आलो होतो. आमचे जुने ड्रायव्हर. काही खात नाहीत म्हणे."

मावशींचा आवाज एकदम खाली आला. "त्यांचं ताट रोज भरलेलं परत येतं. मी कमी तिखट करून पाहिलं, कमी मीठ घालून पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात बिचारे. तुमचे कोण?"

"शाळेत असल्यापासून त्यांच्याच गाडीतून फिरलो."

"मग त्यांच्यासाठीच समजून ढवळा. बटाट्याचं सूप आहे, हात थांबला की तळाला लागतं."

त्यांनी ढवळायला घेतलं. इतक्या गंभीरपणे मी कुणाला सूप ढवळताना पाहिलं नव्हतं! पण पळी नुसती वरवर फिरत होती, जशी फुलांच्या ताटावरून हात फिरवावा तशी. आणि मध्येच ते थांबून खिडकीबाहेर बघत राहिले.

धूर आला.

"अहो, महाराज!" मावशी कडाडल्या. "वरवर फिरवून काय उपयोग? तळाशी काय चाललंय ते नको का बघायला?"

धिप्पाड माणसाच्या हातून बटाटा पडला. गृहस्थ मात्र वाकून पातेल्यात बघू लागले.

"हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

एवढ्यात वासाच्या मागोमाग अधीक्षकसाहेब आले. पुढच्या दाराशी ताटकळून चेहरा आंबला होता, पण करपट वास नाकात शिरताच तो फुलला!

"करपलं! अख्खं पातेलं करपलं! आता मला तक्रारीची वाट बघायलाही नको! कोण तो? आत्ता काढतो त्याला!"

"नवे महाराज आहेत साहेब," मी गयावया केली. "आजच आलेत, शिकतील."

गृहस्थांनी मान वळवली. नाण्यावर असते तशी, बरोबर एका बाजूने! आयुष्यभर मी तो चेहरा खिशात घेऊन फिरलो होतो, पण समोरून कधी पाहिला नव्हता. साहेबांचे गुडघे आधी वाकले, मग कंबर, मग आवाज.

"म... महाराज!"

"तेच तर सांगतोय," मी म्हणालो. आणि मग मीही वाकलो.

मावशी वाकल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्या पातेलं उतरवत होत्या. "आता उभे काय राहिलात सगळे? तळ न ढवळता दुसऱ्यात ओता, वरचं वाचेल."

राजेसाहेबांनी स्वतः ओतलं. एक वाटी भरली आणि ट्रे माझ्या हातात दिला.

खिडकीजवळच्या खोलीत ड्रायव्हरकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. वाटी जवळ नेली तसं त्यांचं नाक हललं.

"करपलंय," ते भिंतीलाच म्हणाले.

"हो," राजेसाहेब म्हणाले.

"कुणी केलं?"

"मी."

काका सावकाश वळले. "गाडीही अशीच शिकलात. पुढचं बघायचं सोडून खिडकीबाहेर नजर."

"मग काय, राहू दे?"

"आणा इकडे. तुमच्या हातचं वाया घालवू कसं?"

त्यांनी वाटी संपवली. शेवटचे चमचे राजेसाहेबांनी भरवले. धिप्पाड माणूस छत्रीच्या मुठीकडे टक लावून उभा होता आणि मी रिकामा ट्रे उगाच पुसत होतो. पुढच्या आठवड्यात काका गेले. पण मावशी अजून सांगतात, त्या वाटीनंतर त्यांचं भरलेलं ताट एकदाही परत आलं नाही.

निघताना राजेसाहेबांनी साहेबांना विचारलं, "तक्रारीचं काय म्हणत होतात?"

"तक्रार? छे! छे! काय चव आहे! राजेशाही!" साहेबांनी दोन वाट्या संपवल्या. वर तळाचंही खरवडून मागितलं!

आता हिशेब. साडूचा ठेका गेला, कारण राजाने रांधलेल्या चुलीला टाळं कोण लावणार? साहेबांची खोली गेली, बायकोचं गोड बोलणं गेलं. राजेसाहेबांचा माणूस गेला, पण उपाशी नाही गेला. मावशींची चूल राहिली. साहेबांनी तिच्या वरच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली आणि हुकूम काढला, की दर गुरुवारी तेच सूप, अगदी तस्संच, सगळ्या रुग्णांना!

"माझ्या हाताने मी अन्न करपवणार नाही," मावशींनी ठणकावलं. "ज्याने त्यांना एप्रन बांधला, त्याने करपवावं."

मी धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, आता तरी एक आचारी द्या.

"आचारी?" साहेब म्हणाले. "तुमच्याकडे महाराज येऊन गेले की!"

म्हणून दर गुरुवारी एप्रन मी बांधतो, पळी वरवर फिरवतो आणि मध्येच खिडकीबाहेर बघतो. सगळं इस्पितळ मला आता 'महाराज' म्हणतं. पातेल्याचा तळ मात्र महाराजांनाच घासावा लागतो.