सात पराभव आणि एक चष्मा

ही सभा मी बारा मिनिटांत संपवणार होतो. तसं सकाळीच घरात जाहीर केलं होतं. पाच मिनिटं चर्चा, दोन मिनिटं ठराव, एक मिनिट हात वर, उरलेली चार मिनिटं टाळ्या. हॉकीच्या एका क्वार्टरपेक्षा कमी वेळात प्रशिक्षक त्यांच्या घरी आणि आम्ही आमच्या.

(दहा मिनिटं म्हणाले होते.)

कंसातला मजकूर माझ्या बायकोचा आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानातलं प्रत्येक कार्ड तिच्या नजरेखालून जातं, तसं हे इतिवृत्तही जाणार असं तिने बजावलंय. तिला तो अधिकार कुणी दिला, ते शेवटी येईल.

तर, आमच्या हॉकी समर्थक मंडळाचा मी चिटणीस. सलग नऊ वर्षं. दुकानात काय आणि मंडळात काय, माझं काम एकच : लोकांना जे नीट दिसत नाही ते दाखवून देणं.

इतिवृत्त

रविवार, दुपारी चार. मावशींच्या बेकरीवरची खोली. हजर तेवीस, त्यांत माझी बायकोही; खुर्च्या अठरा.

विषय एक : मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं. कुणी ऐकलं नाही. कायम झालं.

विषय दोन : मुख्य प्रशिक्षकांना ठेवावं की बदलावं.

इथे थोडं मागचं सांगतो. आमचा संघ सलग सात सामने हरला होता. संघाच्या व्यवस्थापनाने मंडळाला पत्र पाठवलं, ‘समर्थकांचं मत सोमवारपर्यंत कळवा, त्याप्रमाणे करू.’ म्हणजे निर्णय घ्यायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. आमच्यात भरपूर होतं, कारण नोकरी आमची जाणार नव्हती.

माणूस तसा वाईट नाही. माझं गिऱ्हाईक आहे. एकदा डोळे तपासताना सहज म्हणाले होते, “मुलीची ही चौथी शाळा. आता शाळा संपेपर्यंत इथून हलणार नाही, असं तिला कबूल केलंय.” मी ‘हो का’ म्हटलं आणि त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली.

चर्चेला सुरुवात अध्यक्षांनी केली. अध्यक्ष म्हणजे गुरुजी. तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतरही ते भिंतीला काहीतरी टांगल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी मैदानाचा नकाशा टांगला.

“सात सामन्यांत अठरा गोल खाल्ले. त्यातले चौदा आपल्या डाव्या बाजूने. लाल ठिपके पाहा.”

“गुरुजी, हे मैदान आहे की गोवर आलेलं पोर?” पेंटर म्हणाला. पेंटर मंडळाचे फलक रंगवतो आणि फलकाच्याच अक्षरांत बोलतो.

“डावीकडे कुणाचं लक्षच नाही, एवढंच मला म्हणायचंय.”

“मग माणूस बदला. बाहेरून आणा. बाहेरची माणसं कडक असतात.”

“बाहेरचा कशाला? सहाय्यक प्रशिक्षक आहे की.”

“तो? तो पाण्याच्या बाटल्या भरतो. मागच्या सामन्यात त्याही कमी पडल्या.”

“माजी कर्णधाराला विचारा.”

“त्याला घरात दोन पोरं एका जागी बसवता येत नाहीत, तो पेनल्टी कॉर्नर काय बसवणार?”

“महिला संघाच्या बाई चांगल्या आहेत.”

“त्या येणार नाहीत. त्यांना डोकं आहे.”

मावशी कोपऱ्यात बिस्किटांचा ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमच्या मंडळात खरोखर हॉकी खेळलेली ही एकच व्यक्ती. अकरा वर्षं गोलमध्ये उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ठराव करण्याआधी त्या माणसाला विचारायचं, असा आपला नियम आहे ना?”

“विचारू की,” मी म्हणालो. “ठराव झाल्यावर.”

पेंटरने तोवर फलक उलगडला होता. तो आठवडाभर आधीच रंगवून तयार होता. बारा फूट कापड, लाल अक्षरं : ‘प्रशिक्षकांना मानाचा निरोप’. खोली दहा फुटांची, त्यामुळे ‘निरोप’ जिन्यात गेला.

मी ठराव वाचायला उभा राहिलो. एक सवय सांगायला हवी. मी कोरा कागद कधी वापरत नाही. दुकानातल्या जुन्या कार्डांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लिहितो.

(कपाटभर कोऱ्या वह्या पडल्या आहेत.)

ठराव क्रमांक एक : हे मंडळ असं मत व्यक्त करतं की, संघाचा खेळ दिवसेंदिवस खालावत असून त्याची संपूर्ण जबाबदारी एकाच व्यक्तीवर येते, आणि म्हणून त्या व्यक्तीने

इथे पान संपलं. मी सवयीने कार्ड उलटलं.

ठराव इथेच थांबतो.

कार्डाच्या दुसऱ्या बाजूला प्रशिक्षकांचं नाव होतं. त्यांच्याच चष्म्याचं कार्ड. आमच्या कार्डावर दोन चौकटी असतात. वरच्या चौकटीत डोळे तपासून आलेला नंबर, खालच्या चौकटीत काचांच्या कारखान्याला कळवलेला नंबर. वर होतं : उजवा मायनस अर्धा, डावा मायनस तीन. खाली होतं : उजवा मायनस तीन, डावा मायनस अर्धा. दोन्ही चौकटींत अक्षर माझंच.

तारीख पाहिली. पहिल्या पराभवाच्या दहा दिवस आधीची.

(त्या आठवड्यात मी बहिणीकडे होते. नोंद घ्यावी.)

“वाचा की,” गुरुजी म्हणाले. “त्या व्यक्तीने काय?”

“पाणी,” मी म्हणालो.

“त्या व्यक्तीने पाणी काय?”

मी खाली बसलो. मग मला सगळं आठवलं, आणि आठवलं ते फार वाईट होतं. चष्मा नेल्यावर तिसऱ्या दिवशी ते परत आले होते. म्हणाले, “जरा तिरकं दिसतंय. सपाट रस्ता चढ असल्यासारखा वाटतो.” मी काय म्हणालो? आम्ही सगळे चष्मेवाले म्हणतो तेच. “सवय होईल. पंधरा दिवस लागतात.” त्यांनी आभार मानले. जाताना दुकानाच्या पायरीवर अडखळले. मी मागून ‘सावकाश’ म्हटलं. इतका मी काळजी घेणारा माणूस.

दर सामन्याला बाकावर बसलेले ते मला दिसायचे, तीच जाड काळी चौकट नाकावर. आणि मी सातही सामने कुंपणाला लटकून ओरडत होतो, “अहो, दिसत नाही का?”

कार्ड सरळ करून पुढची ओळ मनाने म्हणता आली असती. कुणाला काही कळलं नसतं. पण भिंतीवर ते चौदा लाल ठिपके होते, सगळे डावीकडे. त्यांच्याकडे पाहता पाहता मला त्या मुलीची पाचवी शाळा दिसू लागली.

मी उठलो आणि सांगून टाकलं.

आधी कुणाला कळेना. मग पेंटर म्हणाला, “म्हणजे सात सामने तो माणूस आंधळी कोशिंबीर खेळत होता?”

गुरुजींना मात्र आनंद झाला. “डावा डोळा, डावी बाजू. माझा नकाशा खरा ठरला.”

“गुरुजी, मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात,” मावशी म्हणाल्या.

“त्याने काय होतं?”

“काही नाही. चालू द्या तुमचं.”

वारं फिरलं. जे लोक त्यांना घालवायला आले होते, ते आता हळहळू लागले. कुणी म्हणालं, बिचारा, एका शब्दाने तक्रार केली नाही. कुणी विचारलं, सातही सामन्यांचे गुण परत मागता येतील का. नवा ठराव तयार झाला : प्रशिक्षक निर्दोष, पराभव चष्म्याच्या खात्यावर.

आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. खरं बोलल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. मी इतका हलका झालो की भाषण सुरू केलं. “चूक कबूल करायला मोठं मन लागतं,” वगैरे.

(सात मिनिटं. ‘मोठं मन’ तीनदा.)

भाषण चालू असतानाच मावशी खाली गेल्या आणि प्रशिक्षकांना घेऊन वर आल्या. ते तासभर बेकरीत बसून होते. नियमाप्रमाणे मावशींनीच बोलावलं होतं. जिन्यात त्यांच्या पायाखाली ‘निरोप’ आला. त्यांनी तो वाचला आणि बाजूने पाय टाकत आले.

मी हात पसरले. “हाच तो चष्मा,” मी सभेला म्हणालो. “हा माझा गुन्हा.”

“हा नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“हा जुना आहे. नवा चारच दिवस घातला. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही आत्ता कपाटाला ‘या, बसा’ म्हणालात. मग हाच पुन्हा घातला. चौकट सारखीच आहे, तुम्हीच म्हणाला होतात ही शोभते म्हणून.”

“अहो, मग परत का नाही आलात?”

ते थोडे संकोचले. “तुम्ही प्रत्येक सामन्याला येता. ओरडता, पण येता. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

निर्दोष ठरवलेल्या माणसाने तो ठराव आमच्यासमोर घडी घालून ठेवला होता.

“सातही सामने मी नीट दिसत असताना हरलो,” ते म्हणाले. “आपला डावा बॅक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत आलाय. आता त्याला बसवून ठेवलं तर तो पुन्हा उभा राहायचा नाही. म्हणून खेळवतोय. पण त्याच्या मदतीला मधला एक माणूस मागे आणायला हवा होता. हे मला तिसऱ्या सामन्यालाच सुचायला हवं होतं. परवा सुचलं. चष्म्याचा काही दोष नाही.”

एवढं बोलून ते जिन्याकडे वळले. मावशींनी त्यांच्यापुढे ट्रे आडवा धरला.

“बसा,” त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. “मी अकरा वर्षं गोलमध्ये काढली. हरल्यावर पंचांवर ढकलणारे पाहिले, वाऱ्यावर ढकलणारे पाहिले, माझ्यावर ढकलणारे तर रोजचेच. आज याला आपण आयतं निमित्त दिलं होतं. नोकरी वाचत होती. याने ते परत केलं. याला काढून तुम्ही कुणाला आणणार? बाटल्या भरणाऱ्याला?”

हात वर. प्रशिक्षक राहावेत : बावीस. विरोधात एक, पेंटर. “माझा विरोध माणसाला नाही,” त्याने नोंदवायला सांगितलं. “बारा फूट कापड वाया जातंय, त्याला आहे.”

मी ‘सभा संपली’ असं लिहायला घेतलं. पण कुणी उठेना. तेवीस माणसं रविवारची झोप सोडून कुणाला तरी काढायला आली होती. रिकाम्या हाताने घरी कशी जाणार?

“एक शंका,” पेंटर म्हणाला. “चष्मा उलटा झाला, हे तर खरं ना?”

“खरं,” गुरुजी म्हणाले.

“आणि माणूस तक्रार घेऊन आला, तेव्हा ‘सवय होईल’ कोण म्हणालं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गुरुजींनी घसा साफ केला.

विषय तीन, आयत्या वेळचा : चिटणिसांना ठेवावं की बदलावं.

“बदला. बाहेरून आणा. बाहेरची माणसं कडक असतात.”

“त्यांना दोन काचा जागेवर बसवता येत नाहीत, ते तेवीस माणसं काय बसवणार?”

“मी इथेच आहे,” मी म्हणालो.

“अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलू नका,” गुरुजी म्हणाले.

मावशींनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. “या आहेत की. कार्डावर यांचं अक्षर असलं की काचा बरोबर येतात.”

“त्या यायच्या नाहीत,” पेंटर म्हणाला. “त्यांना डोकं आहे.”

“येते,” बायको म्हणाली. इतक्या चटकन ती लग्नालाही हो म्हणाली नव्हती.

हात वर : बावीस. मी मतदान केलं नाही, कारण माझा हात इतिवृत्त लिहीत होता.

(डावा वर होता. मी पाहिला. एकूण तेवीस.)

फलकही वाया गेला नाही. पेंटरने एकच शब्द बदलला. ‘चिटणिसांना मानाचा निरोप’. सध्या तो माझ्या दुकानासमोर टांगलेला आहे, आणि आतून, चष्म्याशिवायही, स्पष्ट वाचता येतो.

त्या संध्याकाळी खोलीत आम्ही दोघेच मागे राहिलो, मी आणि प्रशिक्षक. मी म्हणालो, “दुकानात चला. डोळे पुन्हा तपासतो. या वेळी कार्ड ती लिहील.” ते बरं म्हणाले. जिना उतरताना नऊ वर्षांचा हिशोब डोक्यात घोळत होता, शेवटची पायरी मला दिसलीच नाही. त्यांनी दंड धरून सावरलं.

“सावकाश,” ते म्हणाले. आणि मग अगदी मनापासून, “सवय होईल. पंधरा दिवस लागतात.”

(इतिवृत्त वाचलं, तपासलं, कायम केलं. आज सोळावा दिवस. यांना सवय झालेली नाही. आठवा सामनाही हरलो, पण गोल उजवीकडून झाला. – चिटणीस)