व्होबोरिल सरांची हरवलेली चौदा सेकंदं

"सिनेमा बघून कुणी पायलट होत नाही! हे खूळ मी आठवड्याभरात उतरवून दाखवतो!" असं म्हणून लाइल व्होबोरिल सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की मुख्याध्यापिका स्टॅन्सबरीबाईंची कॉफी थेट हजेरीपटावर सांडली.

नेब्रास्कातल्या हार्लन फोर्क गावच्या शाळेत सर बावीस वर्षं एकच काम करत होते. मुलांनी पुढं काय व्हावं, हे मुलांना सांगणं! दर ऑक्टोबरात सहावीपासून पुढच्या मुलांनी फॉर्म भरायचा, आणि सरांनी तो वाचून कुणाला नर्सिंग, कुणाला वेल्डिंग, कुणाला काकाचं गोदाम असं मार्गी लावायचं. पण यंदा उन्हाळ्यात लढाऊ पायलटांचा तो सिनेमा आला आणि सगळा घोटाळा झाला. एकशे अठरा फॉर्म आले, त्यातल्या एक्केचाळीस जणांनी लिहिलं होतं, 'लढाऊ विमानाचा पायलट'! त्यातल्या एकाला तर ओकारी होते म्हणून शाळेच्या बसमध्येसुद्धा खिडकीशी बसवावं लागायचं. पोरं वर्गात काळे गॉगल घालून बसत आणि फळा दिसत नाही म्हणून तक्रार करत.

सरांनी मुद्दाम एक लाल शिक्का करून घेतला, 'सिनेमा'. एक्केचाळीस फॉर्मांवर धडाधड एक्केचाळीस शिक्के! ज्याच्यावर शिक्का, त्याला शिफारसपत्र नाही.

त्या एक्केचाळिसांत एक टेसा हॉफर होती. गणितात पहिली, बोलायला कमी, शाळेतली पडदा-प्रोजेक्टरची सगळी यंत्रं तीच सांभाळायची. तिला नौदलाच्या अकादमीत अर्ज करायचा होता, आणि सरांचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचलं नाही तर अर्ज बाद.

"सर, पत्र?" ती दर दोन दिवसांनी दारात उभी राहायची.

"खूळ उतरू दे, मग बघू!" सर म्हणायचे.

सोमवारी तर त्यांनी सगळ्या शाळेसमोर भाषणच ठोकलं. सिनेमाचा नायक, कॅप्टन कार्व्हर, ऐन युद्धात छाती काढून म्हणतो, "इंधन संपलं तरी हिंमत संपत नाही!" त्यावर थिएटरात म्हणे शिट्ट्या पडायच्या. सर म्हणाले, "मुलांनो, इंधन संपलं की विमान पडतं! मी हा सिनेमा पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही!"

आता वाचकांपासून काय लपवायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सरांनी तो सिनेमा सहा वेळा पाहिला होता. पन्नास मैलांवरच्या गावात, दुपारच्या खेळाला, टोपी नाकापर्यंत ओढून. बायकोला, म्हणजे मार्लीनला, दर वेळी सांगायचं, "दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येतो." ती बिचारी संध्याकाळी त्यांच्यासाठी बटाट्याचं मऊ सूप करून ठेवायची. सर ते सूप अपराधी चेहऱ्यानं प्यायचे आणि मनात विमान वळवत बसायचे. सहावीत असताना त्यांनाही पायलटच व्हायचं होतं. तेव्हाच्या सल्लागारांनी त्यांना सांगितलं, "तू सल्लागार हो." झाले!

भाषणानंतर स्टॅन्सबरीबाई म्हणाल्या, "लाइल, शनिवारी विमानतळावर नौदलाच्या विमानांच्या कसरती आहेत. त्याआधी ते एका शिक्षकाला विमानातून फिरवतात. शिक्षकानं येऊन मुलांना सांगावं, म्हणून. मी तुमचं नाव दिलंय. बुधवारी!"

सरांना तिथंच उडी मारावीशी वाटली. चेहरा मात्र त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखा केला. "जातो. कर्तव्य म्हणून जातो. वर काय हाल होतात ते बघून येतो आणि एकेकाचं खूळ उतरवतो!"

बुधवारी शाळेच्या जेवणात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल होता. सरांनी दोन्ही दोनदा घेतलं. विमानतळावर लेफ्टनंट रेनी डुप्रे नावाची हसतमुख पायलटबाई भेटली.

"काय खाल्लंत?"

"चिली."

"अरेरे! केळं खायचं होतं. ते निदान परत येताना गोड लागतं." मग ती गंभीर झाली. "हे बघा, वळण घेताना सगळं रक्त पायात उतरतं. मी 'आवळा' म्हटलं की पाय, मांड्या, पोट, सगळं आवळून धरायचं आणि दातओठ खाऊन श्वास कोंडायचा. नाही आवळलंत तर झोप लागेल. समोर कॅमेरा आहे. सगळं चित्रण शाळेला मिळेल."

विमान उडालं! खाली मक्याची शेतं पाटीवरच्या रेघांसारखी झाली. सर मनात म्हणाले, हेच ते! मग लेफ्टनंट ओरडली, "आवळा!" सरांनी दात आवळले. एका दाढेत कट्‌कन काहीतरी झालं. पण पायांकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं. जग आधी करडं झालं, मग काळं.

डोळे उघडले तेव्हा विमान सरळ चाललं होतं, हनुवटी ओली होती आणि चिली पुढच्या पिशवीत होती. लेफ्टनंटचे खांदे हसून गदगदत होते.

"मी... किती वेळ?"

"चौदा सेकंदं. त्यात शुद्ध थोडी, बडबड जास्त. शुद्धीवर येताना माणूस असाच बरळतो. त्याला आठवत नाही काही."

"मी काय बोललो?"

"शुक्रवारी दोन वाजता कळेलच की! मीही येतेय तुमच्या शाळेत. सगळ्यांबरोबर बघायला मजा येईल!"

सरांच्या पाचावर धारण बसली.

माणसानं चौदा सेकंदात काय काय बोलू नये? सर यादी करत बसले. स्टॅन्सबरीबाईंच्या केसांबद्दल बोललो असेन का? सिनेमाबद्दल? दाढेबद्दल? आणि दाढ तर आता खरोखरच ठणकत होती! गुरुवारी शाळेत कुणी नुसतं हसलं तरी सरांना घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं! त्यांनी मुख्याध्यापिकांकडे चित्रण मागून पाहिलं. बाई म्हणाल्या, "ते टेसाकडे दिलंय. शुक्रवारी तीच लावणार आहे. मार्लीनलाही बोलावलंय, बरं का! पहिली खुर्ची!"

तेवढ्यात बोळातच टेसा समोर आली.

"सर, तुमचं चित्रण पाहिलं मी, पूर्ण." ती शांतपणे म्हणाली. "आणि माझ्या पत्राचं लक्षात आहे ना? उद्या पाच."

एवढंच बोलून ती गेली. सर भिंतीला टेकले. ही तर सरळ धमकी! पत्र द्या, नाहीतर मेलात! वरून कशी गरीब गाय, आणि आतून केवढी ही पोहोचलेली पोर! असेना का. बावीस वर्षांची अब्रू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्र खरडलं. 'टेसा हॉफर ही जन्मजात गरुड आहे. आकाश तिची वाट पाहत आहे. तिची हिंमत कधीच संपणार नाही.' स्वतःच्याच लेखणीवर ते खूश झाले. शुक्रवारी दीड वाजता ते पत्र घेऊन यंत्रांच्या खोलीत शिरले. टेसा वायरी जोडत होती.

"काय गं, खोली छान ठेवलीस तू," सर म्हणाले. "वायरीसुद्धा किती सरळ! बाहेर हवाही बरी आहे आज."

"सर, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? काय हवंय?"

सरांनी पत्र टेबलावर सरकवलं. "हे घे. आणि ती चौदा सेकंदं तेवढी काप."

टेसानं पत्र वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग हळूच घडी घालून त्यांच्याकडे परत सरकवलं. तिचे कान लाल झाले होते.

"हे नको मला."

"का? गरुड म्हटलंय की तुला!"

"सर, हे माझ्याबद्दल नाहीच. हे कुणाबद्दलही चालेल. आणि तुम्ही ते घाबरून लिहिलंय. मी काय तुम्हाला धमकावलं होतं का?"

"काल तू म्हणालीस ना, चित्रण पाहिलं आणि पत्र..."

"दोन वेगळ्या गोष्टी होत्या त्या! चित्रण नीट चालतं का ते पाहिलं. पत्र आज पाचपर्यंत हवं होतं." तिनं हातातली वायर खाली ठेवली. "तुम्ही नुसतं 'काप' म्हणाला असतात तरी मी फुकटच कापलं असतं. कुणाची अशी फजिती करायला मला आवडत नाही."

तरी सरांची सवय कुठं जाते? "पण सिनेमा पाहूनच तुला हे सुचलं ना?"

"मी पाहिलाच नाहीये तो."

"काय?"

"शनिवार-रविवारी आजोबांच्या फवारणीच्या विमानात औषध भरायला असते मी. कधी वेळ मिळणार? माझी जुनी फाइल तुमच्याच कपाटात आहे, सर. कधी उघडलीत का?"

फॉर्म आत टाकण्यापलीकडे सरांनी ती कधी उघडली नव्हती. सरांना लाज वाटली. अगदी आतपासून वाटली.

टेसानं डोळे पुसले आणि बटणावर बोट ठेवलं. "पत्राचं सोडा. सांगा, कापू का?"

आता 'हो' म्हणायला काय जात होतं? पण सरांच्या तोंडून निघालं, "नको." म्हटल्याक्षणी त्यांना ते परत घ्यावंसं वाटलं! पण दारात स्टॅन्सबरीबाई उभ्या होत्या. "लाइल, चला! सगळे थांबलेत!"

बास्केटबॉलच्या हॉलात चारशे डोकी होती. पहिल्या खुर्चीवर मार्लीन, शेजारी लेफ्टनंट डुप्रे. दिवे गेले. पडद्यावर हेल्मेटमधले व्होबोरिल सर आले. विमान वळलं, सरांचे गाल कानांकडे निघाले, डोळे फिरले आणि मान कलंडली. हॉलात चिडीचूप! बाकीच्यांचं सोडा, स्वतः सरांनीच श्वास कोंडून धरला होता. आज मात्र पाय, पोट सगळं व्यवस्थित आवळलं गेलं होतं.

पडद्यावरच्या सरांनी डोळे न उघडताच मूठ उगारली आणि गर्जना केली, "इंधन संपलं तरी हिंमत संपत नाही! कॅप्टन कार्व्हर हजर!" मग लाडात येऊन म्हणाले, "सहा वेळा पाहिलाय मी. सहा वेळा! मार्लीनला सांगू नका हं... तिला वाटतं दाढ."

आणि मग पिशवी. चिलीसकट, अगदी जवळून.

असा हशा हार्लन फोर्कमध्ये पूर्वी झाला नव्हता. पोरं बाकांवरून घसरली, स्टॅन्सबरीबाईंनी तोंडावर हजेरीपट धरला. मार्लीन तेवढी हसली नाही. ती वळून नुसती सरांकडे बघत होती.

लेफ्टनंटनं दिवे लावायला सांगितले. "आता खरं सांगा, हे सगळं बघूनही कुणाला पायलट व्हायचंय?"

सोमवारी एक्केचाळीस होते. आता गॉगल एकेक करून खिशात गेले. मागून एकच हात वर आला, प्रोजेक्टरपाशी. टेसाचा.

"एक!" लेफ्टनंट म्हणाली. मग तिची नजर पुढं आली. "आणि... दोन?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. व्होबोरिल सरांचा हात वर होता. तो केव्हा गेला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"सर, वयाची मर्यादा तुम्ही वीस वर्षांपूर्वीच ओलांडलीत!"

"पण सिनेमात तर कार्व्हर पंचावन्नचा आहे!" सर तक्रारीच्या सुरात म्हणाले, आणि पुन्हा हशानं छप्पर उडालं.

साडेतीन वाजता सरांनी कपाट उघडलं. टेसाची फाइल जाड होती. सहावीपासून अकरावीपर्यंत दर वर्षीचा फॉर्म. तो सिनेमा नव्हता तेव्हापासूनचा. सगळ्यांवर एकच उत्तर, फक्त अक्षर सुधारत गेलेलं. सहावीच्या फॉर्मावर तिनं खाली लिहिलं होतं, 'आजोबा म्हणतात आधी गणित नीट कर.' आणि त्याखाली सरांचा त्या वर्षीचा शेरा, 'विचार बदलेल.'

सरांनी नवीन पत्र लिहिलं. त्यात गरुड नव्हता. 'टेसा हॉफर सहा वर्षं एकच गोष्ट सांगते आहे आणि त्यासाठी काम करते आहे. मी ते नीट वाचलं नव्हतं. चूक माझी. पत्र मी घाबरून लिहिलं तर ते परत करायची हिंमत तिच्यात आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिला घ्या.' पत्र गेलं तेव्हा घड्याळात चार बावन्न झाले होते. दारात उभ्या टेसानं सुटकेचा श्वास सोडला, सरांनीही सोडला. मग त्यांनी लाल शिक्का कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी पोचेपर्यंत गाल टोमॅटोसारखा सुजला होता. कट्‌कन वाजलेली ती दाढ उभी चिरली होती! सर कसेबसे स्वयंपाकघरात आले आणि गालाला हात लावून कण्हले, "मार्लीन, अगं, दाढ... खरंच दुखतेय गं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायला हवं!"

मार्लीननं बटाटे सोलता सोलता मानसुद्धा वर केली नाही.

"हो का? कितीचा खेळ आहे?"