मंजूर यादीतला पोपट

सक्करदऱ्याच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गिरिधर वैरागडे गुरुजी १९७३ साली लेखक झाले. त्यासाठी त्यांना काही लिहावं लागलं नाही. रुपराव लांजेवार या प्रकाशकानं त्यांच्यापुढे कात्री, खळीची वाटी आणि रद्दीचे चार गठ्ठे ठेवले, एवढंच.

"लिहाचं नाही गुरुजी, जुळवाचं," रुपराव म्हणाले. "लिहिलेलं लय पडून आहे दुनियेत. त्याले फक्त नवीन जिल्द पाहिजे."

गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळे ते ग्रंथनिवड समितीच्या मंजूर यादीतल्या पुस्तकांसाठीच. त्यामुळे पुस्तक वाचकाला आवडणं ही बाब गौण होती. जुने अंक, बियाण्यांची पत्रकं, औषधाच्या बाटलीभोवतीची चिठोरी, जे मिळेल ते गुरुजी कापत आणि चिकटवत. 'कोंबडीपालन'मधलं "कोंबड्यांना दाटीवाटीनं ठेवू नये" हे वाक्य "विद्यार्थ्यांना" होऊन 'वसतिगृह व्यवस्थापन'मध्ये गेलं, तेव्हा त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. समितीचा अभिप्राय आला : 'विवेचन अनुभवसिद्ध आहे.' सगळ्या पुस्तकांवर लेखक म्हणून प्रा. विदर्भकर हे नाव छापत. अशा नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता. त्यामुळे तो वेळेवर काम देई आणि काही मागत नसे.

गुरुजींकडे मात्र स्वतःचं असं एक पुस्तक होतं. तीस वर्षांच्या नोकरीत बोलताना अडखळणारी एकतीस मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. प्रत्येकाशी ते काय बोलले, कशानं बिघडलं, कशानं सुधारलं, हे त्यांनी एका जाड वहीत टिपून ठेवलं होतं. एकतीसपैकी सत्तावीस मुलं पुढं नीट बोलू लागली. ही वही छापावी, हा त्यांचा एकच हट्ट होता. रुपरावांनी फार आढेवेढे न घेता हस्तलिखित समितीकडे पाठवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं : 'सदर मजकूर कोणत्याही मान्यताप्राप्त ग्रंथात आढळून येत नाही. सबब तो विश्वसनीय मानता येत नाही. नामंजूर.'

"मंग आढळून आणू," रुपराव शांतपणे म्हणाले. "माह्या 'पोपट पाळा'ले तीस पानं कमी पडून राहिले. तुमचं त्यात टाकू. एकदा मान्यताप्राप्त झालं का पुढच्या साली तुमचं पुस्तक पाठवू."

"पण हे मुलांबद्दल आहे."

"बोलण्याबद्दलच आहे न? पोपटही बोलतेच."

दोन दिवस गुरुजींनी वही कपाटात बंद ठेवली. मग कुठंतरी छापून तर येईल, या विचारानं त्यांनी वही उघडली आणि जिथं जिथं 'मूल' होतं तिथं स्वतःच्या हातानं 'पोपट' लिहिलं. एकतिसाव्या पोपटापर्यंत येताना त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

'पोपट पाळा' पहिल्या फेरीतच मंजूर झालं आणि तीनशे वाचनालयांत गेलं. पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे गुरुजींचं हस्तलिखित पुन्हा समितीकडे गेलं. या वेळी खुलाशासाठी त्यांना समक्ष बोलावण्यात आलं.

"प्रा. विदर्भकरांच्या ग्रंथातला मजकूर तुम्ही जसाच्या तसा उचलला आहे," एक सदस्य म्हणाले. "फक्त पोपटाच्या जागी मूल घातलंय. बालकांना पक्ष्यांच्या पंक्तीला बसवणं शोभतं का तुम्हाला? शिक्षक होता ना?"

"साहेब, तो मजकूर माझाच आहे. विदर्भकर नावाचा माणूसच नाही."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्यांची चाळीस पुस्तकं यादीत आहेत, गुरुजी. तुमचं एक तरी आहे का?"

प्रा. विदर्भकरांची लेखी संमती महिन्याभरात सादर करावी, असा शेरा पडला. ती सादर झाली नाही, तेव्हा वैरागडे यांचं कोणतंही लेखन यापुढं स्वीकारू नये, असा दुसरा शेरा पडला.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या बाबारावांची सात वर्षांची नात गोपिका आजोबांकडे राहायला आली. ती बोलताना अडते, हे कळल्यावर गुरुजी वही घेऊन लगबगीनं तिकडं गेले. बाबाराव वाचनालयाचे जुने सभासद; वही नामंजूर झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी वही उघडलीही नाही.

"नामंजूर पुस्तकावर पोरीले सोडू काय जी? माह्याकडे वाचनालयातलं मंजूर पुस्तक आहे न."

ओट्यावर पिंजरा टांगला होता. 'पोपट पाळा' वाचून बाबारावांनी नात येण्याआधीच पोपट आणला होता. पुस्तकात दिल्याप्रमाणे ते रोज सकाळी तासभर त्याच्यासमोर बसत, घाई करत नसत, रागावत नसत, एकेक शब्द त्याच्याबरोबर एका सुरात म्हणत. चार महिन्यांत पोपट स्वच्छ बोलू लागला होता.

"आणि गोपिका?" गुरुजींनी विचारलं.

"तिले कुठून वेळ देऊ? याच्यातच सकाळ जाते."

तेवढ्यात गोपिका दारात आली. गुरुजींकडे पाहून हसली आणि म्हणू लागली, "गु... गु..."

गुरुजी थांबले. पोपट थांबला नाही.

"गुरुजी, बसा," तो म्हणाला.

बाबारावांचा चेहरा खुलला. "पाहा जी," ते म्हणाले, "पुस्तक लिहाचं तं असं लिहाव."