पत्रा क्रमांक सात आणि आठ

रंगनाथ आप्पांच्या पडवीचे दोन पत्रे सतरा दिवस माझ्या गोठ्यावर होते, आणि ते हरवल्याची सूचना रोज सकाळी फळ्यावर मीच लिहीत होतो. माझी चूक ही अशी आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं आप्पांविषयी लिहिताना हात अडखळणार नाही.

आप्पा आमच्या राहू गावचेच. नोकरी मात्र दौंडला, रेल्वेच्या यार्डात. मालगाडी आली की तिच्या कडेनं चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा, हे काम त्यांनी अख्खी नोकरीभर केलं. ऊन असो, पाऊस असो, डबा सुटता कामा नये. रिटायर होऊन गावी आले तेव्हा अडचण एवढीच झाली, की राहूला रेल्वे नाही. मग आप्पांनी जे दिसेल त्याला नंबर घातले. विजेचे खांब झाले, रस्त्याकडेचे लिंब झाले, घरातली भांडी झाली. चहाच्या कपांच्या बुडालासुद्धा पांढऱ्या रंगात १ आणि २ असं लिहिलेलं. एक नंबरचा त्यांचा. "कुठं निघालात आप्पा?" विचारलं तर उत्तर यायचं, "एकवीस नंबरच्या खांबापतूर."

दुसरा हट्ट बातमीचा. कुणी काही सांगायला लागला की आप्पा हात वर करून विचारणार, "बघितलं का ऐकलं?" ऐकलेली बातमी त्यांच्या लेखी बातमीच नव्हे. एकदा देवळापाशी कुणीतरी सांगितलं, की खालच्या आळीतला एक म्हातारा गेला. माणसं हळहळली. आप्पा तडक त्याच्या घरी जाऊन आले आणि म्हणाले, "भाकरी खातोय. दुसरी."

वादळाच्या आधी महिनाभर आप्पांनी नवीन टूम काढली होती. छपराच्या पत्र्यांना आतल्या बाजूनं नंबर घालायचे. रंगाचा डबा घेऊन ते दारोदार फिरले. "डबा रुळावरनं घसरला तरी नंबर ऱ्हातो, मास्तर. पत्र्याचं बी तसंच." मी चार माणसांत हसून म्हणालो, "आप्पा, मग म्हशीलाही घाला की एक नंबर."

"तिच्या कानात बिल्ला हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "सरकारनं माझ्या आधी घातलाय."

कुणीच नंबर घालून घेतले नाहीत. आप्पांनी फक्त स्वतःच्या घराच्या आठ पत्र्यांना घातले.

मग मे महिन्यात ते वादळ आलं. अर्ध्या तासात ऊस झोपला, खांब पडले आणि गावातले पत्रे पाखरांसारखे उडाले. दुसऱ्या दिवशी वायरमन आला तेव्हा कुठले खांब पडले हे कुणालाच नीट सांगता येईना. आप्पा पुढं झाले. "सात, अकरा, बारा. बारा पडला न्हाई, वाकलाय." वायरमन हसला, पण संध्याकाळपर्यंत तोही फोनवर आपल्या साहेबाला सांगू लागला, "बाराला ताण दिलाय साहेब, आता अकराकडं निघालो."

आप्पांच्या पडवीच्या भिंतीवर आमच्या शाळेनं टाकून दिलेला एक मोठा फळा होता. त्यावर त्यांनी चार रकाने पाडले. काय, कुठं, किती वाजता, कोणी बघितलं. लाइट कुठवर आली, पाण्याचा टँकर कुठं थांबणार, तलाठी कोणत्या वस्तीवर पंचनाम्याला येणार, आणि कुणाचा पत्रा कुणाच्या उसात सापडला, सगळं तिथं.

"आप्पा, उद्या लाइट येणार म्हणे," कुणीतरी म्हणायचं.

"बघितलं का ऐकलं?"

"उद्याची लाइट आज कशी बघू?"

"मंग लिहायची न्हाई."

हरवलेले पत्रे ओळखायचं काम तर बघत राहावं असं. एका पत्र्यावर दोघांनी हक्क सांगितला. आप्पांनी पत्रा उन्हाला धरला, खिळ्यांची भोकं मोजली, आणि दोघांच्या छपरांवर चढून वाशांवर तो ठेवून बघितला. एकाच्या वाशांना भोकं बरोबर जुळली. दुसरा म्हणाला, "भोकं काय, कुणी बी मारंल."

"भोक मारता येतं," आप्पा वरूनच म्हणाले. "भोकाभवतीचा गंज मारता येत न्हाई."

आता माझं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य सुलेखनासाठी मुलांकडून वर्षानुवर्षं गिरवून घेतो. वादळात माझ्या गोठ्याचं छप्पर गेलं. म्हैस दोनच दिवसांपूर्वी व्याली होती. आभाळ पुन्हा भरून आलेलं. पत्रे शोधायला उसात शिरलो तर माझे फाटून गेलेले, पण शेजारी दोन निळे पत्रे पालथे पडलेले दिसले. उलटून बघितले. आत पांढऱ्या रंगात स्वच्छ ७ आणि ८. मनात म्हटलं, आजच्या रात्रीपुरते टाकू, उद्या देऊ. तारेनं आवळले, वर दगड ठेवले. रेडकू कोरडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाच दारात. "मास्तर, तुमचं अक्षर बघून माणसाला वाचावंसं वाटतं. माझं अक्षर म्हंजी पळत्या गाडीचं. फळा तुम्ही लिहा." मी गेलो. आप्पा सांगू लागले, मी लिहू लागलो. चौथी नोंद त्यांनी सांगितली, "पत्रे दोन, निळे. आतून नंबर सात आन् आठ. मालक रंगनाथ. सापडले न्हाईत."

माझा हात थांबला.

"काय झालं?"

"खडू तुटला," मी म्हणालो. खडू अख्खा होता.

त्याच वेळी बोललो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. नाही बोललो. दुपारी घरी येऊन ७ आणि ८ वर चुना फासला. बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका की. म्हस सुद्धा बघतीय तुमच्याकडं." मी म्हणालो, नवीन पत्रे मिळाले की लगेच देतो. नवीन पत्रे तालुक्यात कुठंच मिळत नव्हते, आणि मला ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा खरवसाचा चीक न्यायला भांडं घेऊन गोठ्यात आले. भांड्याचा नंबर चौदा. म्हशीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हस एकाएकी म्हातारी दिसाया लागली." मी उगाच मोठ्यानं हसलो.

त्या दिवसांत रोज रात्री वळीव यायचा. पडवीवर पत्रे नसल्यानं फळा धुऊन जायचा. फळा भिंतीत पक्का बसवलेला, काढून आत नेता येत नव्हता. म्हणून रोज सकाळी मला पुन्हा सगळं लिहायला जावं लागे. आप्पा वाटच बघत असत. आधी चहा. मला दोन नंबरचा कप. मग यार्डातल्या गोष्टी. कोणत्या गाडीला किती डबे होते, हे त्यांना तीस वर्षांनंतरही पाठ. मी हूं हूं करत ऐकायचो आणि शेवटी त्यांच्या पत्र्यांची नोंद लिहायचो. सगळ्यांचे पत्रे मिळत गेले, तसतशी फळ्यावरची यादी आखूड होत गेली. शेवटी हरवलेल्यांत एकच नोंद उरली. माझ्या अक्षरातली.

मग पारूबाईंचं घडलं. पारूबाई वरच्या वस्तीवर एकट्या राहतात. वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी फळ्यापाशी येऊन जो भेटेल त्याच्याकडून वाचून घ्यायच्या. एका दुपारी कचेरीतून लेखी निरोप आला, की तलाठी दुसऱ्या दिवशी दहाला वरच्या वस्तीवर येणार. मी तो लगेच लिहिला. त्या दिवशी वळीव दुपारीच आला आणि तासाभरात ते पुसलं. पारूबाई संध्याकाळी आल्या, फळा ओला आणि कोरा. आज काही नाही असं समजून त्या सकाळच्या पहिल्या एसटीनं लेकीकडं केंदूरला गेल्या. तलाठी आले. दाराला कुलूप. घरावर पत्रेही परत बसलेले, कारण आप्पांनीच ते शोधून बसवून दिले होते. कागदावर 'घर बंद, नुकसान दिसत नाही' असं लिहून ते पुढं गेले.

आप्पांना हे दुपारी कळलं. भाकरी बांधून घेतली आणि निघाले. शिक्रापूरला गाडी बदलून केंदूरला. दुसऱ्या दिवशी पारूबाईंना घेऊन परस्पर दौंडच्या तहसील कचेरीत. बरोबर वही. वहीत लिहिलेलं होतं : पारूबाई, पत्रे चार, दोन बोरीवर, एक विहिरीत, एक बांधाला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी बघितलं?"

"म्या," आप्पा म्हणाले. "ऐकलेलं म्या लिहीत न्हाई."

तलाठी पुन्हा आले. पंचनामा झाला. पण सकाळी मी फळा लिहायला गेलो तर आप्पा म्हणाले, "म्हातारीला दोन दिस हिंडवली, मास्तर. माझ्या फळ्यापायी."

मी खडू ठेवला आणि घरी आलो. पत्रे काढले. एक मी डोक्यावर घेतला, एक बायकोनं. गावातून जाताना जो तो विचारत होता, "सापडले का आप्पांचे? कुठं?" मी मान खाली घालून चालत राहिलो.

आप्पांनी पत्रा खाली घेतला आणि अंगठ्याच्या नखानं चुना खरवडला. सात निघाला.

"आप्पा, पहिल्याच दिवशी उसात सापडले होते. मी लपवले."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"चीक न्यायला आलो तवा. म्हशीच्या पाठीवर चुना पडला व्हता. म्हस काय स्वतः चुना लावून घ्यायची न्हाई."

"मग बोलला का नाही?"

"रेडकू लहान व्हतं." पत्र्यावरचा चुना झाडत ते म्हणाले, "पुढं ते मोठं झालं. तरी बोललो न्हाई." त्यांनी आठ नंबरचा पत्रा भिंतीला टेकवला. तो नीट टेकलेला असूनही पुन्हा सरळ केला. "पत्रे आले असते तर फळा धुतला नसता. मंग तुम्ही रोज कशाला आला असता? दोन नंबरचा कप, मास्तर, आमची ही गेल्यापासनं फडताळातच व्हता." आणि मग अगदी हळू, "घरात प्लास्टिकचा कागद बी व्हता. फळ्यावर लावला न्हाई म्या. पारूबाईचं अर्धं माझ्या डोक्यावर घ्या."

मी खडू उचलला आणि लिहायला लागलो. काय : पत्रे दोन, नंबर सात आणि आठ. कुठं : चित्रकलेच्या मास्तरांच्या गोठ्यावर. किती वाजता : वादळाच्या संध्याकाळपासून सतरा दिवस. कोणी बघितलं, या रकान्यापाशी थांबलो.

"म्हशीनं," आप्पा मागून म्हणाले.

"थट्टा नको आप्पा." मी लिहिलं, 'मी.'

तेवढ्यात पारूबाई आल्या. फळ्याकडं बघून म्हणाल्या, "आज लई लिवलंय सर. काय हाय? वाचून दाखवा की, मला कुठं येतंय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूला सरकले. मी पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

पारूबाई डोक्यावरचा पदर धरून ऐकत होत्या. "म्हंजी त्या दिशी फळा कोरा व्हता, त्यो तुमच्यापायी?"

"व्हय पारूबाई," मी म्हणालो. "पत्रे मी लपवले, म्हणून फळा धुतला आणि तुमचा पंचनामा चुकला. आप्पांचं काही नाही त्यात. चूक माझी आहे. मला माफ करा."